महापूर आणि घराचा विमा : पंचगंगा-कृष्णाकाठच्या घरमालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत पंचगंगा, कृष्णा, वारणा किंवा दूधगंगेच्या काठी ज्यांचे स्वतःचे घर आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर या भागाने पाहिले. गाडीचा विमा आणि पीकविमा आता गावोगावी माहीत झाला आहे. पण आयुष्यभराची कमाई ज्या घरात घातली, त्या घराचा विमा मात्र फार थोड्यांनी उतरवलेला असतो. बहुतेकांना असा विमा मिळतो हेच ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांच्या मनात अनेक शंका असतात. त्यातील नेहमीच्या शंकांची उत्तरे पुढे दिली आहेत.

आमचे घर नदीपासून बरेच दूर आहे. आम्हाला पुराचा धोका आहे की नाही हे कसे ठरवावे?

नदीपासूनच्या अंतरावरून धोका ठरत नाही. तो घराच्या जोत्याच्या उंचीवरून आणि आसपासच्या ओढ्यानाल्यांवरून ठरतो. नदी फुगली की तिला मिळणाऱ्या ओढ्याचे पाणी नदीत शिरू शकत नाही, ते मागे फिरते आणि पात्रापासून दूर असलेल्या सखल वस्तीत पसरते. त्यामुळे नदी दिसतही नाही अशा घरात पाणी येते, तर काठालगतच्या पण उंचवट्यावरील घराचे जोते कोरडे राहते.

सर्वांत विश्वासार्ह माहिती गावातच असते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ साली राजाराम बंधाऱ्यावर पाणी साडेपंचावन्न फुटांच्या आसपास पोचले, २०२१ साली ते ५६ फुटांच्याही वर गेले, आणि आयर्विन पुलावर २०१९ साली ५७ फुटांची पातळी ओलांडली गेली. या आकड्यांचा खरा उपयोग असा की, बंधाऱ्यावर किती फूट पाणी असताना ते आपल्या गल्लीच्या तोंडाशी येते, किती फुटांना उंबऱ्याला लागते आणि किती फुटांना खिडकीपर्यंत चढते, हे प्रत्येक घराने एकदा ठरवून लिहून ठेवावे. कोल्हापुरातील सुतारवाड्यातल्या कुटुंबांना हा हिशेब तोंडपाठ असतो, कारण पाणी शहरात सर्वांत आधी तेथेच येते. शेजारच्या जुन्या माणसांना विचारावे, भिंतीवर राहिलेली पाण्याची रेघ मोजावी आणि ती कोणत्या सालची आहे हे जवळच नोंदवावे. शिरोळ तालुक्यातील गावांना एकट्या राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. त्यांनी सांगलीची पातळी आणि राजापूर बंधाऱ्याची पातळीही पाहावी.

निळी पूररेषा आणि लाल पूररेषा म्हणजे काय?

जलसंपदा विभाग नदीकाठच्या नकाशावर दोन रेषा आखतो. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराचे पाणी जेथवर पोचते ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र मानला जातो, तर निळ्या आणि लाल रेषांमधील पट्ट्यात काही अटींवर बांधकामास परवानगी मिळू शकते.

या वर्षांच्या आकड्यांमुळे मोठा गैरसमज होतो. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची २५ वर्षे निश्चिंत राहावे, असा नाही. दर वर्षी तेवढे पाणी येण्याची शक्यता ४ टक्के आहे, एवढाच त्याचा अर्थ. वीस वर्षांच्या मुदतीचे गृहकर्ज काढून निळ्या रेषेवर घर बांधले, तर कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा तरी ते पाणी घराला लागण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, सुमारे ५६ टक्के निघते. लाल रेषेवरील घराच्या बाबतीतही वीस वर्षांत ती सुमारे १८ टक्के आहे. २०१९ नंतर ‘आता आयुष्यात असे पाणी दिसायचे नाही’ असे पुष्कळांनी म्हटले होते, आणि दोनच वर्षांनी कोल्हापुरात त्याहून जास्त पाणी आले.

आपल्या भागाचा पूररेषेचा नकाशा पाटबंधारे कार्यालयात, महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागात पाहायला मागावा. प्लॉट घेण्यापूर्वी तर तो पाहिल्याशिवाय इसारही देऊ नये.

शिरोळ तालुक्यात पाणी इतके दिवस का थांबते, आणि त्याचा विम्याशी काय संबंध?

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते आणि ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच तुडुंब असेल, तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही आणि फुगवटा मागे चढत जातो. वर राधानगरीचे धरण भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडू लागतात आणि प्रत्येकातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येते. पश्चिमेकडील घाटमाथ्यावरचा पाऊस तर चालूच असतो. खाली अलमट्टीतून किती विसर्ग होतो यावर दर पावसाळ्यात वाद होतो. तो वाद येथे सोडवता येणार नाही. परंतु नदीचा उतार मंद असल्यामुळे कुरुंदवाड, खिद्रापूर, राजापूर, औरवाड अशा गावांत पाणी हळूहळू चढते आणि त्याहून हळू उतरते, ही गोष्ट सर्वांनी अनुभवली आहे.

विम्याच्या दृष्टीने त्यातून दोन गोष्टी निघतात. पाणी हळू चढत असल्यामुळे काही सामान हलवायला वेळ मिळतो, आणि तो वेळ वापरणे ही विमाधारकाचीही जबाबदारी आहे. मात्र पाणी अनेक दिवस थांबल्यामुळे भिंती, पाया, दारांच्या चौकटी आणि वायरिंग यांची हानी चार तासांच्या पुरापेक्षा कितीतरी जास्त होते. ‘आम्ही सामान माळ्यावर चढवले होते, मग विम्याची काय गरज?’ असे म्हणणाऱ्यांनी सामानापेक्षा इमारतीचाच विचार आधी करावा.

पुराचा वेगळा विमा घ्यावा लागतो का?

नाही. १ एप्रिल २०२१ पासून भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एक प्रमाणित पॉलिसी लागू केली आहे. घरांच्या आगीचा विमा देणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीने, सरकारी असो वा खासगी, ती दिलीच पाहिजे आणि तिच्या मूळ अटी सर्वत्र सारख्याच आहेत. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, दरड आणि जमीन खचणे यांबरोबर पूर आणि जलमय होणे हा धोकाही तिच्यात मुळातच धरलेला आहे. म्हणजे पुरासाठी जादा कलम मागावे लागत नाही. तरीही पॉलिसी हातात आल्यावर तिच्यातून पूर आणि वादळाचा धोका वगळलेला नाही ना, हे स्वतः वाचून पाहावे.

या पॉलिसीत आणखी एक तरतूद आहे, जिची फारशी चर्चा होत नाही. पुरासारख्या घटनेमुळे घरात चोरी झाली आणि ती त्या घटनेपासून सात दिवसांच्या आत झाली, तर तीही भरपाईस पात्र असते. गाव स्थलांतरित झाले आणि कुलूपबंद घरात कोणी शिरले, अशी भीती ज्यांना छावणीत झोपू देत नाही, त्यांच्यासाठी हे कलम महत्त्वाचे आहे. अर्थात अशा वेळी पोलिसांत तक्रार नोंदवणे आवश्यक ठरते.

सरकार पूरग्रस्तांना मदत देते. मग विमा कशासाठी?

सरकारी मदत ही आधार म्हणून दिलेली रक्कम आहे. झालेले नुकसान भरून काढणे हा तिचा हेतू नाही आणि तेवढा तिचा आकारही नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घरासाठी १,२०,००० रुपये ठरले आहेत. पक्क्या घराची १५ टक्के किंवा अधिक अंशतः पडझड झाली असेल तर ६,५०० रुपये, कच्च्या घराची तशी पडझड झाली असेल तर ४,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्यासाठी ३,००० रुपये मिळतात. घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात राहिल्यास कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये धरले आहेत. राज्य सरकार कधी कधी यात भर घालते. २०१९ साली ग्रामीण कुटुंबाला १०,००० आणि शहरी कुटुंबाला १५,००० रुपये सानुग्रह अनुदान जाहीर झाले होते.

आता हे आकडे आपल्या घरापुढे मांडून पाहावेत. छातीएवढे पाणी आठवडाभर राहिलेल्या विटांच्या घराची भिंत पडली नाही, पण गिलावा सुटला, फरशी खचली, सगळी वायरिंग काढून टाकावी लागली, दारे फुगली, फ्रिज आणि वॉशिंग मशीन गेले. हे घर निकषांच्या भाषेत ‘अंशतः’ या सदरातच बसण्याची शक्यता अधिक, आणि त्याला ६,५०० रुपयांत काय होणार? सरकारी मदत जरूर घ्यावी, पंचनामा जरूर करून घ्यावा. ती मिळाली म्हणून विम्याचा दावा करण्याचा हक्क जात नाही. परंतु तिच्या भरवशावर घर पुन्हा उभे राहत नाही.

विमा किती रकमेचा उतरवावा?

घर आज त्याच जागी, त्याच प्रकारचे बांधायचे झाले तर जो खर्च येईल, तेवढ्या रकमेचा. जागेची किंमत यात धरायची नाही, कारण पूर जमीन नेत नाही. घराचे चटईक्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर, असा हिशेब आहे. समजा चटईक्षेत्र ८०० चौरस फूट आहे आणि गावातील गवंडी आजचा दर चौरस फुटाला १,८०० रुपये सांगतो, तर इमारतीची विमा रक्कम १४,४०,००० रुपये येते. पंधरा वर्षांपूर्वी घर पाच लाखांत बांधले म्हणून पाच लाखांचा विमा उतरवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

गृह रक्षा पॉलिसीत विमा रक्कम कमी असल्याबद्दल प्रत्येक दाव्यातून प्रमाणात कपात करण्याची जुनी पद्धत ठेवलेली नाही, ही मोठीच सवलत आहे. तरीही विमा रकमेपेक्षा अधिक भरपाई कधीच मिळत नसल्यामुळे पूर्ण घर पडले तर कमी रकमेचा फटका बसतोच.

कंपाउंड भिंत, फाटक, पोर्च, सेप्टिक टँक, गोबरगॅसची टाकी, पाण्याची पक्की टाकी आणि छतावरचे सौर पॅनेल ही ‘घर’ या संज्ञेतच मोडतात. गोठ्याचा उल्लेख मात्र प्रस्तावात स्वतंत्रपणे करावा आणि तो मान्य झाल्याचे पॉलिसीवर दिसले पाहिजे. राडारोडा हटवण्याच्या खर्चासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, तर आर्किटेक्ट, अभियंता यांच्या शुल्कासाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. गाळ काढण्याचा ट्रॅक्टर कितीला पडतो हे ज्यांना ठाऊक आहे, ते या २ टक्क्यांच्या पावत्या जपून ठेवतील.

हप्ता किती पडेल?

विमा रकमेच्या दर हजारी दराने हप्ता आकारला जातो आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. दर कंपनीगणिक आणि ठिकाणागणिक बदलतात, म्हणून एकाच रकमेसाठी निदान दोन-तीन कंपन्यांचे लेखी कोटेशन घ्यावे. ज्यांनी आजवर फक्त गाडीचा विमा भरला आहे, त्यांना घराच्या किमतीच्या मानाने हा हप्ता कमीच वाटेल. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीची घेता येते. दर वर्षी नूतनीकरण विसरणाऱ्या घरांना माझ्या मते दीर्घ मुदतच योग्य.

घरातील सामान आणि दागिने यात येतात का?

इमारतीचा विमा उतरवला की घरगुती सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांइतके, कमाल १० लाख रुपयांचे संरक्षण आपोआप मिळते. वरच्या उदाहरणात ते २,८८,००० रुपये होते. सामान त्याहून अधिक असेल, तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. दागिने आणि मौल्यवान वस्तू यांसाठी जादा हप्त्याचे वेगळे संरक्षण आहे. रोख रक्कम, कागदपत्रे आणि वाहने मात्र वगळलेली आहेत. पूर्वी दूधसंस्थेचे बिल किंवा उसाचे बिल रोखीने घरात ठेवण्याची पद्धत होती. पुरात गेलेल्या नोटांची भरपाई घराच्या विम्यातून मिळत नाही.

घरखर्चाच्या धान्याबाबत कंपनीला आधीच लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे. विक्रीसाठी साठवलेला गूळ, सोयाबीन किंवा हळद हा व्यापारी माल आहे, तो घराच्या पॉलिसीत येत नाही.

आमचे जुने घर पांढऱ्या मातीच्या भिंतींचे आणि कौलांचे आहे. त्याचा विमा निघतो का?

येथे सर्वाधिक सावधपणाची गरज आहे. भिंती किंवा छत लाकडी फळ्या, गवत, पाला, बांबू, प्लॅस्टिक, ताडपत्री अशा साहित्याचे असेल, तर ते विम्याच्या भाषेत ‘कच्चे बांधकाम’ ठरते आणि त्याचा विमा घेण्यास कंपन्या सहसा तयार नसतात. मातीच्या भिंती आणि मंगलोरी कौले असलेल्या घराचे काय, हे कंपनी ठरवते. म्हणून प्रस्तावात भिंती कशाच्या, छत कशाचे, बांधकामाचे साल कोणते, हे जसेच्या तसे लिहावे. एजंट घाईत ‘पक्के, आर.सी.सी.’ असे लिहू लागला तर त्याला तेथेच थांबवावे. आज चार ओळींनी सोपा झालेला फॉर्म उद्या दावा नाकारण्याचे कारण होतो, आणि त्या वेळी एजंट साक्षीला येत नाही.

मातीची भिंत दहा दिवस पाण्यात उभी राहते आणि पाणी उतरून ऊन पडले की वाळताना कोसळते, हे या भागात अनेकांनी पाहिले आहे. अशा घराच्या मालकांना विमा नाकारला गेला, तर घरकुल योजनेत नाव लावणे आणि निदान स्वयंपाकघराच्या खोलीची भिंत जोत्यापासून चार-पाच फुटांपर्यंत दगड-सिमेंटमध्ये बांधून घेणे, हाच त्यांच्यापुढे मार्ग राहतो.

घर गावठाणात आहे आणि कागदोपत्री अजून आजोबांच्याच नावावर आहे. चालेल का?

विमा उतरवणाऱ्याचा त्या घरात आर्थिक हितसंबंध असला पाहिजे, एवढीच मूळ अट आहे. वारस म्हणून तो असतो, पण दाव्याच्या वेळी तो दाखवता आला पाहिजे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा असेसमेंट उतारा, घरपट्टीची पावती, वीजबिल आणि स्वामित्व योजनेतील मिळकत पत्रिका झाली असल्यास तिची प्रत काढून ठेवावी. तीन भावांचे वाटप तोंडी झाले असेल, तर प्रत्येकाने आपल्या ताब्यातील खोल्यांचे क्षेत्र प्रस्तावात स्पष्ट लिहावे. अन्यथा भरपाईचा धनादेश कोणाच्या नावाने काढायचा यावरच काम अडते. वारसनोंद आणि वाटणीपत्र पावसाळ्याआधी करून घेणे सर्वांत बरे.

बँकेने गृहकर्ज देताना विमा काढला होता. मग आम्ही सुरक्षित आहोत ना?

कदाचित असाल, कदाचित नसाल. कर्ज देताना अनेकदा कर्जदाराच्या जिवाचा विमा काढला जातो. त्याचा पुराशी काही संबंध नसतो. काही ठिकाणी घराचा विमा असतो, पण तो शिल्लक कर्जाइतकाच असतो. घर १५ लाखांचे आणि कर्ज ४ लाख उरले असेल, तर अशा विम्यातून मिळणारे पैसे बँकेच्या कर्जखात्यात जाऊन आपल्या हाती काहीच उरणार नाही. बँकेकडे पॉलिसीची प्रत मागणे हा आपला हक्क आहे. तिच्यात घराचा पत्ता बरोबर आहे का, विमा रक्कम किती आहे आणि मुदत चालू आहे का, या तीन गोष्टी पाहाव्यात.

आमचे घर निळ्या रेषेच्या आत आहे. विमा मिळेल का, आणि ते लपवावे का?

लपवू नये. विम्याचा करार संपूर्ण विश्वासावर उभा असतो. विचारलेली माहिती दडवली तर पॉलिसीच रद्द ठरू शकते. पूर्वी पाणी आले होते का, किती फूट आले होते, असे विचारले तर खरे उत्तर द्यावे. कंपनी हप्ता वाढवेल किंवा विमा नाकारेल. तसे झाल्यास दुसऱ्या कंपनीकडे विचारावे. चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी ही जागा हौसेने निवडलेली नाही, आणि त्यांना विमा मिळणे हा न्यायाचा भाग आहे असे मला मनापासून वाटते. परंतु निळ्या रेषेच्या आत आज नव्याने बांधकाम करणाऱ्याने विमा आहे म्हणून निर्धास्त होणे योग्य नाही. बेकायदा बांधकामाचा दावा वादात सापडतोच; शिवाय त्याने घातलेली भर शेजाऱ्याच्या घरात पाणी लोटते.

पाणी वाढू लागले की लगेच विमा काढला तर?

फार उशीर झालेला असतो. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी या कलमानुसार हप्ता जमा झाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही, आणि नदी इशारा पातळीकडे जाऊ लागली की कंपन्या त्या भागातील नवे प्रस्ताव थांबवतात. नुकसान सुरू झाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीतून त्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. एप्रिल किंवा मे हाच योग्य काळ. त्याच वेळी घराचे सर्व बाजूंनी आणि प्रत्येक खोलीचे फोटो काढून दुसऱ्या गावातील नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवावेत.

घराच्या पुढच्या खोलीत दुकान किंवा यंत्रमाग आहे. तो याच विम्यात येतो का?

नाही. गृह रक्षा पॉलिसी राहत्या घरापुरती आहे. इचलकरंजी परिसरात खाली माग आणि वर कुटुंब अशी शेकडो घरे आहेत. त्यांनी व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी वेगळी घ्यावी. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायांसाठी ती आहे. किराणा दुकान, पिठाची गिरणी, शिलाईकाम यांनाही तीच लागू पडते. घराच्या प्रस्तावात व्यवसायाचा वापर दडवल्यास घराचाही दावा धोक्यात येतो.

भाडेकरूला विमा घेता येतो का?

येतो, फक्त आपल्या सामानाचा. इमारतीचा विमा मालकाने घ्यायचा.

गाडी, जनावरे आणि पीक यांचे काय?

तिन्हींचे विमे वेगळे आहेत. दुचाकीचा केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल तर पुरात बुडालेल्या गाडीचे काहीही मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते, आणि बुडालेली गाडी मेकॅनिकने पाहण्यापूर्वी सुरू करून पाहू नये, कारण त्याने झालेले इंजिनाचे नुकसान कंपन्या मान्य करत नाहीत. जनावरांच्या विम्यासाठी कानातील बिल्ला अनिवार्य असतो. विमा नसलेल्या दुभत्या गाई-म्हशीसाठी आपत्ती निधीच्या निकषांत ३७,५०० रुपये आहेत. मृत जनावराचा पंचनामा व पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला त्यासाठी हवा. पीकविम्यात घराचा समावेश नसतो.

पाणी ओसरल्यावर घरी परतलो, तर सर्वांत आधी काय करावे?

मेन स्विच बंद असल्याची खात्री करावी, आणि मग झाडू हातात घेण्यापूर्वी मोबाइल घ्यावा. घर स्वच्छ करण्याची ओढ समजण्यासारखी आहे, पण गाळ धुऊन टाकला की पुरावाही वाहून जातो. भिंतीवरील पाण्याच्या रेघेशेजारी टेप धरून फोटो काढावा. त्यात तारीख आणि उंची दोन्ही दिसली पाहिजेत. प्रत्येक खोलीचे चित्रीकरण करावे, फ्रिज, टीव्ही, पंप यांच्या मागील बाजूस असलेल्या अनुक्रमांकाच्या पट्ट्यांचे फोटो घ्यावेत. त्याच दिवशी कंपनीला फोनवर आणि ईमेलवर कळवून दाव्याचा क्रमांक मागून घ्यावा.

रोगराईच्या भीतीने सडलेल्या गाद्या, धान्य लगेच टाकावे लागते, आणि ते टाकलेच पाहिजे. मात्र टाकण्यापूर्वी त्यांचा एकत्र ढीग करून फोटो काढावा आणि यादीवर शेजारच्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. विजेची उपकरणे, दारे आणि फर्निचर, नुकसान पाहण्यासाठी विमा कंपनीने नेमलेला सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत ठेवून द्यावे. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, पंचनाम्यासाठी येतील तेव्हा घरातील जबाबदार व्यक्तीने हजर राहावे, पाण्याची उंची आणि पडझड नीट नोंदली आहे का ते वाचूनच सही करावी आणि प्रत मागावी. सरकारी पंचनामा विम्याच्या सर्वेक्षणाची जागा घेत नाही; परंतु पाणी खरोखर किती आले होते याचा तो भक्कम पुरावा असतो.

सर्वेक्षक कधी येतो आणि पैसे कधी मिळतात?

नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमला गेला पाहिजे, त्याने १५ दिवसांत अहवाल दिला पाहिजे आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवला पाहिजे. महापुरात रस्तेच बंद असतात, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता तेव्हा कोल्हापूरच तुटले होते. त्यामुळे प्रत्यक्षात विलंब होऊ शकतो. म्हणूनच आपला पाठपुरावा लेखी असावा. सर्वेक्षकासोबत गवंड्याचा किंवा अभियंत्याचा दुरुस्तीचा अंदाज ठेवावा आणि दाखवलेली प्रत्येक हानी त्याच्या नोंदीत आली का, हे विचारून घ्यावे. घर राहण्यायोग्य उरले नसेल, तर पर्यायी घराच्या भाड्याची तरतूद या पॉलिसीत आहे, भाडेपावत्या जपाव्यात.

सर्वेक्षण झाल्यावर तीन आठवड्यांनी भिंत पडली. आता काय?

त्याच दावा क्रमांकावर ताबडतोब पुन्हा कळवावे आणि पूरक सर्वेक्षणाची लेखी मागणी करावी. काळ्या जमिनीवरील घरांत हे वारंवार घडते, कारण ओली माती फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे पाया सरकतो. म्हणून पाणी ओसरल्यावर प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. भेग वाढत गेली तर ती पुराचीच हे दाखवता येते. ‘पूर्ण आणि अंतिम भरपाई मिळाली’ अशा पावतीवर घर नीट वाळण्यापूर्वी सही करण्याची घाई करू नये.

दावा नाकारला किंवा फारच कमी रक्कम मंजूर झाली तर?

प्रथम नाकारण्याचे कारण पॉलिसीतील कोणत्या कलमानुसार आहे, हे लेखी मागावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या व्यवस्थेत १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. कोल्हापूर आणि सांगलीसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतात. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तर आपल्याला तो मान्य नसल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो. साध्या मराठीत, तारखांसह लिहिलेला दोन पानी अर्ज येथे पुरेसा ठरतो.

पॉलिसीच पुरात भिजून गेली. दावा करता येईल का?

नक्कीच. पॉलिसी कंपनीच्या संगणकावर असते. नाव, पत्ता आणि हप्ता भरल्याची बँकेतील नोंद यांवरून ती सापडते आणि दुय्यम प्रत मिळते. केवळ कागद नाही म्हणून दावा नाकारता येत नाही. पॉलिसीचा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये, आणि शक्य असल्यास माहेरच्या किंवा मुलीच्या सासरच्या माणसांकडेही लिहून ठेवावा, कारण छावणीत असताना चार्जिंगला वीज नसते आणि आपला फोन बंद पडलेला असतो.